गडग्यांच्या मुलखात आठ दिवस

ताई लग्न होऊन इंग्लंडला गेली त्याला एकोणीस वर्षं झाली. दर दोन-तीन वर्षांनी ती देवगडला येते, आईच्या हातचं जेवते, जाताना रडते. पण आई कधी तिच्याकडे गेली नव्हती. आधी बाबांचं आजारपण, मग कलमांची राखण, मग गुडघे. फोनवर रोज बोलणं व्हायचं आणि फोन ठेवला की आईचं ठरलेलं वाक्य, "पोर एकटी पडली गो तिकडे." यंदा आंबा लवकर उतरला. माझ्या शाळेला सुट्टी लागली होती आणि तिकडच्या शाळांनाही मे महिन्याच्या शेवटी आठवडाभर सुट्टी असते. मग आई, मी, हे आणि आमची नऊ वर्षांची लेक असे चौघं निघालो.

आईला आंब्याची पेटी न्यायची होती. पण सरकारी प्रमाणपत्राशिवाय आंबा तिकडे नेता येत नाही, दुधाचे पदार्थही नाहीत. तिला हे पटवायला दोन दिवस गेले. शेवटी कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ, वड्याचं पीठ, मेतकूट, आंबापोळी, फणसपोळी असं बांधून घेतलं. आगळाच्या बाटलीला तिने तीन पिशव्या आणि एक जुनं नऊवारी गुंडाळलं. बाटली थेंबही न सांडता पोचली.

पहिला दिवस, शनिवार

मँचेस्टरला दुपारी उतरलो. भावोजी घ्यायला आले होते. तिथून मोटारीने पावणेदोन तास. सुरुवातीला मोठे रस्ते, जुन्या गिरण्यांच्या चिमण्या, एकसारख्या घरांच्या रांगा. स्किप्टन मागे पडलं आणि रस्ता एकदम अरुंद झाला. दोन्ही बाजूंना छातीएवढ्या उंचीच्या दगडी भिंती आणि पलीकडे हिरवंगार गवत. त्या भिंती रस्त्यापाशी थांबत नव्हत्या. शेतामधून, डोंगराच्या अंगावरून, थेट माथ्यापर्यंत चढत गेल्या होत्या.

आई पुढच्या सीटवर होती. विमानतळापासून एक शब्द बोलली नव्हती. आता म्हणाली, "जावईबापू, एवढे गडगे कोणी घातले?"

भावोजींना आधी कळेना. ते पुण्याचे, त्यांना गडगा हा शब्द ठाऊक नव्हता. मी सांगितलं, कोकणात आवाराभोवती, कलमांच्या बागेभोवती सुटे धोंडे रचून जी भिंत घालतात तो गडगा. ते म्हणाले, "मग हेच ते. आत चुना नाही, सिमेंट नाही. नुसता दगडावर दगड. या यॉर्कशर डेल्सच्या राष्ट्रीय उद्यानात अशा भिंती आठ हजार किलोमीटरहून जास्त आहेत."

राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर आपल्याला निर्मनुष्य जंगल वाटतं. १९५४ पासून संरक्षित असलेला हा मुलूख तसा नाही. डेल म्हणजे दरी, आणि प्रत्येक दरीत नदी, गावं, शेतं, मेंढ्या, शाळा असं सगळं नांदतं. ताईचं घर व्हार्फ नदीच्या दरीत, ग्रासिंग्टनच्या जवळ.

घर दगडी, बुटकं, जाड भिंतींचं. स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंडीत तुळस. थंडीत ताई ती रात्री शेगडीजवळ नेऊन ठेवते म्हणे. आईने हात-पाय धुतले, तुळशीला बोट लावलं आणि मग ताईला जवळ घेतलं. त्या दोघींना तिथेच सोडून आम्ही सामान वर नेलं.

जेवणं आठ वाजता झाली. बाहेर लख्ख ऊन. आई आरामखुर्चीत बसून राहिली, झोपायला जाईना. ताई म्हणाली, "अगं, आपल्याकडे आता मध्यरात्र उलटून गेलीय, पड ना." आई म्हणाली, "दिवेलागणीआधी कसं पडायचं?" सव्वानऊला सूर्य डोंगराआड गेला. तेव्हा तिने देवापाशी निरांजन लावलं, शुभंकरोती म्हटलं आणि मगच अंथरुणाला पाठ टेकली. पुढचे सगळे दिवस हाच नेम होता. भाचा चौदा वर्षांचा आहे, तोही रोज सव्वानऊला येऊन शेजारी उभा राहायचा.

दुसरा दिवस, रविवार

सकाळी नदीकडे गेलो. लिंटनचा धबधबा उंच नाही, पण खडकांच्या पायऱ्यांवरून पाणी आडवंतिडवं उड्या घेत जातं. कडेला १९०९ साली बांधलेलं छोटं वीजघर आहे. १९४८ मध्ये ते बंद पडलं आणि २०१२ मध्ये पुन्हा सुरू झालं. आता पाण्याच्या जोराने तिथे मोठाले लोखंडी स्क्रू फिरतात. ह्यांचा पाय तिथून निघेना.

परतताना शेतातून आलो. मला आधी संकोच वाटला, कुणाच्या खाजगी कुरणात असं शिरायचं कसं? पण पायवाटेचा हक्क इथे कायद्याने राखलेला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून असे सव्वादोन लाख किलोमीटर मार्ग आहेत. शेत कुणाचंही असो, वाट सगळ्यांची. गडगा आडवा आला की त्यात पायऱ्या बसवलेल्या असतात, नाहीतर लाकडी फाटक असतं. फाटक जसं असेल तसं ठेवायचं, हा एकच नियम. आईने प्रत्येक फाटक लावलं की नाही ते स्वतः मागे वळून पाहिलं. लहानपणी बेडं, म्हणजे आवाराचं फाटक, उघडं टाकलं म्हणून मार खाल्लेली बाई ती.

दुपारी शेजारच्या आजींकडे जेवायला बोलावणं होतं. त्या ऐंशीच्या पुढच्या. आम्ही मटण-बीफ खात नाही हे ताईने आधीच सांगितलं होतं, म्हणून त्यांनी भाज्या भाजल्या होत्या आणि यॉर्कशर पुडिंग मुद्दाम तेलात केलं होतं. पुडिंग म्हणजे गोड काहीतरी अशी माझी समजूत होती. ते गोड नसतं. मैदा, अंडं आणि दुधाचं सरसरीत पीठ धूर निघेपर्यंत तापलेल्या तेलाच्या साच्यात ओततात आणि भट्टीत ठेवतात. ते फुगून वाटीसारखं होतं, मग त्या वाटीत रस्सा घालून खायचं. आजी आईला हाताने खुणा करून सांगत होत्या, तेल नीट तापलं नाही तर फुगत नाही. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "वड्यांसारखंच गो. तेल थंड तर वडा चपटा."

त्या आईला "लव्ह" म्हणत होत्या. इथे बसचा चालक, दुकानदार, सगळेच म्हणतात. आईने अर्थ विचारला. ताई म्हणाली, "आपण बाय म्हणतो ना, तसंच." निघताना आईने आजींच्या हातावर आंबापोळी ठेवली आणि पटकन वाकून नमस्कार केला. आजी तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या आहेत एवढंच त्यामागे होतं. पण त्या गोंधळल्या आणि त्यांनी आईला मिठीच मारली.

तिसरा दिवस, सोमवार

बँकांच्या सुट्टीचा दिवस, सगळीकडे गर्दी. बोल्टन ॲबीला गेलो. बाराव्या शतकातला मठ, आठव्या हेन्रीच्या काळात मोडीत निघालेला. अर्धी इमारत उघडी पडली आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागात आजही प्रार्थना होते. नदी ओलांडायला पाण्यात एका ओळीत दगड ठेवले आहेत, ते मोजत मोजत लेक पलीकडे गेली. थोडं वर नदी एका अरुंद घळीत घुसते. उडी मारून जाता येईल असं वाटतं, पण खाली पाणी खोल आणि ओढ भयंकर आहे. अनेकांचे जीव गेले आहेत तिथे. भाच्याने बहिणीचा हात घट्ट धरून ठेवला होता. पार्किंग शोधण्यात तासभर गेला.

चौथा दिवस, मंगळवार

मालहॅमचा दिवस. हा मला जन्मभर पुरेल.

गावातून ओढ्याच्या कडेने जॅनेट्स फॉस नावाच्या लहानशा धबधब्याकडे वाट जाते. झाडीत शिरलो आणि लसणाची फोडणी दिल्यासारखा वास आला. दोन्ही बाजूंना जमीन पांढऱ्या फुलांनी भरलेली. रानलसूण. आईने एक पान चुरगळून हुंगलं आणि विचारलं, "खातात का?" ताई म्हणाली, "खातात. आपल्या घरामागे कुंपणाशी आहे, इथलं नको तोडूस." आईने मान डोलावली. तिचा संध्याकाळचा बेत ठरला हे मला दिसलं.

मग मालहॅम कोव्ह. चुनखडकाचा अर्धगोल कडा, साधारण ऐंशी मीटर उंच, तीनशे मीटर रुंद. पायथ्याशी उभं राहिलं की मान मागे टेकते. हिमयुगानंतर वितळलेलं पाणी इथून कोसळायचं. आता कडा कोरडा असतो. डिसेंबर २०१५ मध्ये डेस्मंड वादळात इतका पाऊस झाला की माथ्यावरून पुन्हा धबधबा पडला. जिवंत माणसांपैकी कुणी तो आधी पाहिला नव्हता. भावोजी त्या दिवशी धावत आले होते. त्यांच्या फोनमध्ये चित्र आहे.

एरवी पाणी कड्याच्या पोटातून, अगदी तळाशी असलेल्या फटीतून, आवाज न करता बाहेर येतं. वर माळावर एक तळं आहे. त्यातून निघालेला ओढा थोडं अंतर वाहतो आणि जमिनीत गडप होतो. लोकांना वाटायचं तेच पाणी इथे निघतं. पाण्यात रंग टाकून पाहिलं तेव्हा कळलं की तो ओढा गावाच्याही खाली निघतो, आणि कड्याखाली येणारं पाणी दुसरीकडून बुडालेल्या ओढ्याचं आहे. डोंगराच्या पोटात दोघं एकमेकांना ओलांडून जातात. आईला हे सांगितलं तर तिला काही नवल वाटलं नाही. "आपला कातळ तरी कुठे पाणी धरतो? सड्यावर पडतं नि खाली झऱ्याला येतं." सडा म्हणजे आमच्याकडचा कातळाचा उघडा माळ.

माथ्यावर जायला चारेकशे दगडी पायऱ्या आहेत. आईने खाली थांबावं असं आम्ही सगळे म्हणत होतो. तिने ताईची काठी घेतली आणि निघाली. वीस पायऱ्या, विसावा, पुन्हा वीस पायऱ्या. उतरणारे लोक बाजूला होऊन तिला वाट देत होते, दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. तासाभराने आम्ही वर आलो.

आणि वर सडा होता.

दुसरा शब्दच नाही. झाड नाही, माती नाही, करडा-पांढरा उघडा खडक लांबवर पसरलेला. पावसाच्या पाण्याने हजारो वर्षं चुनखडक विरघळवून त्यात खोल भेगा पाडल्या आहेत. खडकाच्या लाद्यांना इथे क्लिंट म्हणतात आणि भेगांना ग्राइक. मी गुडघे टेकून एका भेगेत डोकावले. हातभर खाली, वाऱ्यापासून आणि मेंढ्यांपासून लपलेली एक दुनिया होती. नेच्याची लांब जिभेसारखी चकचकीत पानं, एक जांभळं नाजूक फूल, ओल, आणि तळाशी काळोख. वर वारा कानशिलं फोडत होता, आत पान हलत नव्हतं. आमच्या सड्यावर जून-जुलैत असंच होतं. मेमध्ये पाय भाजतात त्या कातळाच्या खळग्यांत पहिल्या पावसानंतर इवलाली फुलं येतात. आमचा जांभा तांबडा, हा चुनखडक पांढरा. एवढाच काय तो फरक.

आई लाद्यांवरून जपून दहा पावलं चालली. एका लादीवर बसली. पायातले बूट-मोजे काढून तिने तळवे खडकावर टेकवले. ताई ओरडली, "आई, गार आहे!" आई काही बोलली नाही. तिचं लक्ष दरीकडे होतं. खाली गडग्यांनी आखलेली शेतं, मधे मधे दगडी गोठे, आणि दूर एक पक्षी ओरडत होता. आधी लांब शीळ, मग पाणी उकळल्यासारखी गिरकी. भाच्याने सांगितलं, कर्ल्यू. लांब वाकड्या चोचीचा. त्याच जातीचे पक्षी हिवाळ्यात आपल्या खाड्यांच्या चिखलातही दिसतात, ते दुसऱ्या प्रदेशातून येतात. पण असा आवाज मी खाडीवर कधी ऐकला नव्हता. तो वीण असलेल्या माळांवरचा आवाज आहे.

संध्याकाळी आईने रानलसणाची पानं, ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि आगळाचे चार थेंब घालून चटणी वाटली. शेजारच्या आजींना वाटीभर दिली. दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी परत आली नाही. त्यांनी वेन्सलीडेल चीजचा तुकडा घातला होता. इथे तो फळांच्या केकबरोबर खातात. आईने तो चटणीबरोबर खाल्ला.

पाचवा दिवस, बुधवार

दिवसभर पाऊस, तोही बारीक, न थांबणारा. कुळथाची पिठी, भात, भाजलेला पापड. लेक आणि भाचा पत्ते खेळले. आई आणि ताई स्वयंपाकघरात दार लोटून तीन तास बोलत होत्या. मी आत गेले नाही.

सहावा दिवस, गुरुवार

ऊन पडलं. सेटलहून कार्लाइलच्या दिशेने आगगाडीत बसलो. हा मार्ग १८७६ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. रिबलहेडला दलदलीच्या माळावर चोवीस कमानींचा पूल आहे, चारशे मीटर लांब, बत्तीस मीटर उंच. दर सहावा खांब मुद्दाम जाड आहे, म्हणजे एक कोसळला तर सगळा पूल जाऊ नये. ह्यांनी खिडकीतून जाड खांब ओळखून दाखवले.

१९८० च्या दशकात हा मार्ग बंद करायचं ठरत होतं. लोकांनी हजारोंनी हरकती नोंदवल्या. त्यात एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही धरला गेला, कारण तोही या गाडीने जायचा. १९८९ मध्ये मार्ग वाचला. पुढच्याच वर्षी त्या कुत्र्याचा मालक वेल्सच्या डोंगरात चालताना वारला. कुत्रा अकरा आठवडे त्याच्या देहापाशी बसून होता. गार्सडेल स्थानकावर त्याचा पुतळा आहे. आम्ही तिथे उतरलो. लेकीने पुतळ्याच्या गळ्यात हात टाकला आणि बराच वेळ सोडला नाही.

परतताना रिबलहेडला उतरून पुलाखाली गेलो. आता तिथे गवत, मेंढ्या आणि वारा आहे. १८७० च्या सुमारास इथे मजुरांच्या वस्त्या होत्या, बायकामुलांसकट. अपघातांनी आणि देवीच्या साथीने माणसं गेली. जवळच चॅपल-ले-डेलचं छोटं चर्च आहे, तिथल्या आवारात दोनशेहून अधिक जणांना पुरलं. बहुतेकांच्या थडग्यांवर नाव नाही. मला रत्नागिरी स्थानकाबाहेरचं श्रमशक्ती स्मारक आठवलं. पानवलचा चौसष्ट मीटर उंच पूल बघायला आम्ही शाळेची सहल नेतो. त्या मुलांना मी पुलाची उंची सांगते, पण स्मारकापाशी कधी थांबवलं नव्हतं. या वर्षी थांबवणार आहे.

सातवा दिवस, शुक्रवार

सकाळी भावोजी आणि हे ब्रॅडफर्डला जाऊन हापूसच्या दोन पेट्या घेऊन आले. तिथल्या दुकानांत मोसमात आपला आंबा मिळतो. ताईला २०१४ चा उन्हाळा आठवला. त्या वर्षी मेमध्ये फळमाशीच्या कारणाने युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, ती पुढच्या जानेवारीत उठली. त्या मोसमात तिच्या तोंडाला आंबा लागला नाही. पेटी उघडल्यावर आईने एक फळ देठाशी हुंगलं आणि म्हणाली, "आपल्याकडचाच. पण आठवडाभर आधी काढलाय."

दुपारी घरामागच्या शेतात ठोकाठोक ऐकू आली. थंडीत गडग्याचा दोनेक मीटरचा तुकडा ढासळला होता, तो शेतकरी घालत होता. साठीचा, लालबुंद चेहऱ्याचा माणूस, त्याच्यापाशी शांत पडून राहिलेला काळा-पांढरा कुत्रा. आई चहाचा कप हातात घेऊन कुंपणाशी जाऊन उभी राहिली. अर्धा तास हलली नाही.

त्याने आधी पडलेले दगड वेगळे केले होते. पायाचे मोठे जवळ, मधले त्यामागे, माथ्याचे सगळ्यांत लांब, आणि बारीक चिपांचा एक ढीग. गडगा म्हणजे खरं तर पाठीला पाठ लावून उभ्या केलेल्या दोन भिंती असतात, खाली रुंद, वर निमुळत्या. मधली पोकळी बारीक दगडांनी भरतात. मध्यावर आरपार जाणारे लांब दगड टाकतात, ते दोन्ही अंगांना बांधून ठेवतात. माथ्यावर उभे दगड, वजनासाठी. मीटरभर भिंतीला दीड-दोन टन दगड लागतो आणि एक माणूस दिवसाला दोन-तीन मीटरच घालू शकतो. इथले बरेच गडगे १७५० ते १८५० या काळात उभे राहिले. संसदेने कायदे करून गायरानं खाजगी केली तेव्हा. भूमिहीनांची गुरं चरायची ती माळरानं गेली आणि त्या हद्दी आखायला बहुतेक त्याच गरिबांनी दगड वाहिले.

तो एक दगड उचलायचा, हातात एकदा फिरवायचा, लांब बाजू आत जाईल असा बसवायचा. मग टोकावर अंगठा दाबून बघायचा. डुगडुगला तर मागून चीप सारायचा. दोन दगडांच्या सांध्यावर नेहमी तिसरा. आई पुटपुटत होती, "सांध्यावर सांधा नको, बरोबर."

मग ती म्हणाली, "ताई, त्याला विचार, पोटात चिपा हाताने का बसवतो? फावड्याने का ओतत नाही?"

ताईने विचारलं. तो माणूस सरळ उभा राहिला, कंबरेवर हात ठेवले आणि आईकडे बघत म्हणाला की ओतल्या तर त्या खाली सरकतात, आणि मग भिंत... त्याने स्वतःच्या पोटापुढे हाताने गोल काढून दाखवला. इंग्रजीत पोटाला जो शब्द आहे तोच त्याने वापरला. भिंत पोट काढते.

आईने कप माझ्या हातात दिला. "माझे वडील हेच म्हणायचे. चिपा नीट बसवल्या नाहीत तर पावसाळ्यात गडगा पोट काढतो."

ताईने भाषांतर केलं. तो हसला नाही. त्याने टोपी मागे सारली, आईला खुणेने बोलावलं आणि चिपांच्या ढिगाकडे हात केला. आईने पदर खोचला. आधी एक चीप बसवली, मग दुसरी. तिसरी बसेना तर काढून उलटी करून घातली. तो आपल्या बाजूचे मोठे दगड लावत होता आणि ती मधली पोकळी भरत होती. बोलणं काही नाही. भाषांतर करायला उभी असलेली ताई नुसती बघत राहिली. मग तीही वाकली आणि ढिगातून चिपा आणून देऊ लागली.

आरपार दगडाच्या वर एक जागा ठेवून त्याने आईला सांगितलं, हा तू निवड. तिने चार दगड उचलून पाहिले आणि एक तांबूस झाक असलेला घेतला. फिरवला, लांब बाजू आत घातली, अंगठ्याने दाबून बघितलं. हलला नाही.

नंतर त्याने मेंढ्यांचं सांगितलं. लोकर विकून कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. आईने काजूबीच्या भावाचं सांगितलं. सोलकढीचा पेला त्याने एका घोटात संपवला आणि दुसरा मागितला. जाताना तो ताईला तिच्या नावाने हाक मारून म्हणाला, पुढच्या महिन्यात गवत कापायला लागेन, तुझ्या मुलाला पाठव. ताई म्हणाली, "दरवर्षी जातोच की तो."

आई माझ्याकडे वळली. "दरवर्षी जातो?" मला माहीत नव्हतं. फोनवर ताईने हे कधी सांगितलं नव्हतं, आम्ही कधी विचारलंही नव्हतं.

रात्री मासे खायला गेलो. इथल्या बऱ्याच दुकानांत तळण गाईच्या चरबीत करतात, त्यामुळे विचारून जावं लागतं. ताईच्या माहितीचं एक दुकान तेल वापरतं. हॅडॉक ताजा होता. आईने काट्याशिवाय मासा प्रथमच खाल्ला आणि तिला तो फिका वाटला. चटणी तिच्या पर्समध्ये होती.

आठवा दिवस, शनिवार

पहाटे चारलाच उजाडायला लागलं. मी खिडकीतून पाहिलं तर आई मागच्या दारी गडग्याशी उभी. दव पडलं होतं, साडीचा काठ ओला झाला होता. ताई आतून शाल घेऊन आली आणि तिच्या खांद्यावर टाकून शेजारी उभी राहिली. दोघी काही बोलत नव्हत्या.

निघताना शेजारच्या आजी फाटकापर्यंत आल्या. या वेळी त्यांनीच हात जोडले. ताई गाडीपाशी रडली नाही, माझंच रडू आवरेना. भावोजींनी गाडी सुरू केली तेव्हा आई काच खाली करून म्हणाली, "गवत कापायला पोराला पाठव हां. आणि त्या माणसाला आगळ दे उरलेलं."

आता जून संपत आला. इकडे पावसाने आमच्या बागेचा गडगा खालच्या अंगाला ढासळला आहे, गडी मिळत नाहीत. रविवारी ताईचा व्हिडिओ कॉल आला. आई चष्मा पुसून बसली आणि म्हणाली, "आधी मागच्या दारी चल."

ताई फोन घेऊन बाहेर गेली. तिकडेही पाऊस होता. भिजलेला गडगा सगळा एकाच काळ्या रंगाचा दिसत होता, मला काही ओळखू येईना.

"डावीकडे," आई म्हणाली, "आरपार दगडाच्या वर. अजून थोडं. हां, तोच."